कपाळावरचा कॅमेरा

मे सरता सरता आलेल्या वादळानं रावेरच्या वरच्या अंगाच्या केळीबागा एका दुपारीच आडव्या केल्या. घड भरत आलेल्या बागा होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी योगराज मोटारसायकलवरून फिरून आला आणि ओट्यावर बसून नुसतं पाणी प्यायला. केळी कापून पेट्या भरून द्यायची त्याची टोळी होती. ज्या बागांचा शब्द त्यानं घेऊन ठेवला होता, त्यांतल्या बहुतेक आता जमिनीवर होत्या. घरचं रान कापसाचं, त्याचं बी अजून मातीतच होतं. टोळीतल्या बायका सकाळी डबा बांधून निरोपाची वाट पाहायच्या आणि निरोप आला नाही की तोच डबा घरी उघडून खायच्या.

म्हणून कॅमेऱ्याचं काम आलं तेव्हा योगराजनं फार विचारलं नाही. शिल्लक बागांतली जी काही कापणी मिळेल, तिच्यावर वरून वेगळी मजुरी, एवढंच त्याला कळलं.

ते काम घेऊन आलेली ऋतिका धुळ्याची, देवपूरची. कॉलेज संपून तिला वर्षच झालं होतं. अभिमन नाना या बागायतदाराच्या बागेत, हिरव्या जाळीच्या मांडवाखाली तिनं पिशवीतून तीन टोप्या काढल्या. प्रत्येक टोपीला पुढे कपाळावर येईल असा बोराएवढा कॅमेरा होता.

"टोपी नुसती घालायची. काम रोजचंच करायचं. याला तुमचे हात दिसतात. असे खूप लोकांचे हात बघून यंत्र शिकतं."

"काय शिकतं?" कुंदाबाईनं विचारलं. ती योगराजची आई. हातातली सुरी दगडावर घासणं तिनं थांबवलं नव्हतं.

"हातानं कामं कशी करायची ते."

"म्हणजे आमचं काम उद्या यंत्र करीन?"

ऋतिकानं टोपी खाली ठेवली. "खरं सांगू का मावशी, मला माहीत नाही. घरातली कामं आधी शिकवतायत म्हणे. भांडी घासणं, कपड्यांच्या घड्या."

"मंग ते पहिले शिकव त्याले," कुंदाबाई म्हणाली. "केयीचं आम्ही पाहून घेऊ."

बायका हसल्या. बेबाबाई मात्र टोपी उलटीपालटी करून पाहत होती. ती दोंडाईचाकडची. लग्न होऊन इकडे आली त्याला तीस वर्षं होत आली, पण बोली तिनं माहेरचीच, अहिराणी, ठेवली होती. "याम्हा आवाज बी जास का व?"

"जास ना मावशी," ऋतिका तिच्याच बोलीत म्हणाली. "बठ्ठा जास."

बेबाबाईचा चेहरा फुलला आणि लगेच पडला. "आम्हनाकडनी शे व तू! पन मंग माले नको माय. मन्हा तोंडले लगाम नही शे."

कॅमेऱ्याचं बायकांना नवल नव्हतं. विहिरीवरची तांब्याची केबल चोरीला जायला लागल्यापासून नानानं बागेत खांबावर एक लावलाच होता. त्याचं तोंड कुठं आणि पाठ कुठं हे प्रत्येकीला पाठ होतं. आडोशाला जायची वेळ आली की "पाठीकडे जाऊन येते" एवढंच म्हणायचं. पण खांबाची पाठ जागची हलत नव्हती. हा डोक्यावर बसणार. जिच्या डोक्यावर, तिच्यासोबत सगळीकडे फिरणार.

"पाठीकडे जाताना टोपी काढून इथं ठेवायची," ऋतिकानं स्वतःहून सांगितलं. "आणि जिला नको तिनं घालूच नका. जोर नाही."

जोर नाही म्हटलं तरी योगराज उभा होता. मुकादमाच्या घरापासूनच सुरुवात व्हायला हवी होती. त्यानं कामिनीकडे, आपल्या बायकोकडे पाहिलं. कामिनीनं पदर डोक्यावर सारखा केला आणि पदरावरून टोपी घातली. तिचं पाहून बेबाबाईनंही घेतली. तिसरी एका नव्या पोरीनं घेतली. कुंदाबाईला कुणी विचारलं नाही. सुरीवर उभं राहणाऱ्या बाईची मान वर-खाली फार होते, असं ऋतिका म्हणाली.

काम सुरू होण्याआधी कुंदाबाईनं बटव्यातून पुडी काढली. नवी सुरी असो, फवारणीचा पंप असो, घरात आलेल्या प्रत्येक अवजाराला ती पहिल्या दिवशी हळदकुंकू लावायची. ऋतिका फोनवर बोलायला बांधाकडे गेली होती. परत आली तोवर तिन्ही कॅमेऱ्यांना बरोबर मधोमध बोट टेकून झालं होतं. संध्याकाळी तिनं पाहिलं तर दिवसभराचं सगळं काम लालभडक धुक्यात झालेलं. ती कपाळाला हात लावून बसली आणि मग हसत सुटली.

"तू इथी लावायचं नव्हतं हे सांगायचं नही का," कुंदाबाई म्हणाली. "मधी डोया दिसला, तठीच लावलं."

*

टोळीच्या कामात सगळा भार सुरीवर असतो. झाडावरून उतरवलेला घड मांडवात टांगतात. सुरीवाली बाई फणीच्या बुडाशी दांड्याला लागून वाकडी सुरी फिरवते आणि मोकळी झालेली फणी हळूच तुरटीच्या पाण्यात सोडते. काप सपाट पाहिजे. तो फाटला तर तिथं बुरशी धरते. सुरीचं टोक फळाला लागलं तर चीक गळतो, डाग काळा पडतो, आणि आखातात जाणारी पेटी तिथं पोचेपर्यंत आतून सडते. टाकीवरच्या बायका फण्या धुतात, टोकाची सुकलेली फुलं काढतात, पुढे सरकवतात.

कुंदाबाई कितीतरी वर्षं सुरीवर होती. बागायतदार योगराजला काम सांगताना "आई येईन ना सोबत?" असं विचारून मगच तारीख द्यायचे. नवरा गेला तेव्हा योगराज शाळेत होता. त्याच्या पुढचं सगळं त्या सुरीनं चाललं होतं.

संक्रांतीच्या सुमारास कामिनीच्या लक्षात आलं की सासूचा काप बिघडतोय. सगळे नाही, अधूनमधून एखादा. घरीही भाकरी तव्यावर टाकताना सासूचा उजवा अंगठा भाजला होता आणि तिला ते कळलंच नव्हतं. कामिनी काही बोलली नाही. तिनं एक छोटं पातं कमरेला खोचायला सुरुवात केली. फाटक्या कापाची फणी आली की ती पाण्याखालीच तिचं बूड पुन्हा सपाट करायची. फळाला सुरी लागलेली असली तर पाठीमागच्या क्रेटमध्ये, गावातल्या बाजारासाठी टाकायची. शेजारी उभ्या बेबाबाईला हे दिसायचं. तीही बोलली नाही. असंच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी कॅमेरे पुसून पुन्हा चढले. बेबाबाईनं आवाजाचा धसका घेतला होता. टोपी डोक्यावर असली की ती शाळेच्या पुस्तकासारखं बोलायची. "आता आम्ही केळी धूत आहोत. हे पाणी थंड आहे." मग टोपी किंचित वर करून, हलक्या आवाजात, "बहू वंगाळ पानी शे, बदला वं."

दुपारी जेवणाच्या वेळी ऋतिका टॅब घेऊन कामिनीजवळ बसली. "ताई, तुझ्या टोपीत बिघाड आहे का गं? मधेच सगळं निळं निळं होतं. हे बघ."

कामिनीनं पाहिलं. "तव्हा नाना आले व्हते."

"नाना आल्यावर निळं का होईल?"

"मोठा मानूस," बेबाबाईनं भाकरी मोडत समजावलं. "पदर पुढे वढना पडस ना. आते कॅमेरा बी सूनच झाया."

ऋतिका मनापासून हसली आणि पाणी आणायला उठली. टॅब कामिनीच्या मांडीवर राहिला. चित्र पुढे चाललंच होतं.

स्वतःचे हात असे समोरून कामिनीनं कधी पाहिले नव्हते. पाण्यानं पांढरे पडलेले, चिकाचे डाग नखांत बसलेले. चित्राच्या कडेला सासूचे हात होते. पाण्यात फणी पडली की चित्र त्या हातांकडे वळायचं. म्हणजे तिचीच मान वळत होती. इतक्यांदा वळते हे तिला ठाऊक नव्हतं. सुरी फिरली, अंगठा फळीसारखा बाजूला उभा राहिला, काप फाटला. मग तिचा स्वतःचा हात पुढे आला, फणी उचलून पाण्याखाली गेला, पातं चमकलं. पुन्हा मान वळली. पुन्हा हात. जाळीच्या सावलीत, सकाळच्या लख्ख उजेडात, सगळं स्पष्ट होतं.

"कसं दिसतं?" योगराज पाण्याचा जार घेऊन मागे उभा होता.

कामिनीच्या बोटानं टॅब बंद झाला. "हात दिसतात."

तो गेल्यावर तिनं ऋतिकाला विचारलं, "हे कोन पाहतं?"

"बहुतेक कोणीच नाही. कुठंतरी लांब बसलेला एखादा तपासतो, नीट आलंय का म्हणून. तो तुला ओळखत नाही."

"ओयखीचं कोनी?"

"तू सांगितल्याशिवाय नाही. तुझं आहे हे. पुसायचं असलं तर पुसते. पण का गं?"

"असंच."

अनोळखी माणसाचं कामिनीला काही वाटत नव्हतं. त्याला ना ही सासू माहीत, ना सून. योगराजला दिसलं तर मात्र त्याला आईच्या हातून सुरी काढून घ्यावी लागली असती. यंदा तर नक्कीच. मिळतंय तेवढं काम टिकवायचं होतं. आणि सुरी गेल्यावर आत्याबाईंकडे काय उरतं, हे कामिनी रोज दोन हातांवरून पाहत होती. तिनं ते चित्र पुसायला सांगितलं नाही. पुसायला सांगणं म्हणजे काहीतरी आहे असं सांगणंच झालं असतं.

*

पुढच्या दिवशी ढग खाली आले होते आणि वारा पडला होता. मांडवात अंगाला चिकटणारी उष्णता. टोपीखालून घामाची धार कामिनीच्या भुवईत उतरायची. तिनं ठरवलं होतं, मान वळवायची नाही. आपल्या समोरचं पाणी, आपले हात, एवढंच.

बाजूला फणी पाण्यात पडायची. चुबुक. ती पाहत नव्हती. मानेची शीर दुखायला लागली. न पाहता हात लांबवून फणी घ्यायची, बोटानं बूड चाचपायचं असं करून पाहिलं, पण ओल्या बोटांना फाटलेलं आणि सपाट यांतला फरक नीट कळेना, आणि चाचपण्यात वेळ गेला की पलीकडची पोर "दे ना वं वहिनी" म्हणायची. नाना यावेत असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. ते एकदाच आले. तेवढ्या निळ्या पडद्याआड तिनं चार-दोन फण्या सारख्या केल्या. नाना पान खाऊन निघून गेले.

तिसऱ्या प्रहरी निर्यातवाल्याचा तपासनीस निंबा आला. गाडी भरण्याआधी तो कुठलीही पेटी काढून उघडायचा. पहिली उघडली, दुसरी उघडली आणि मग तो मांडी घालून खालीच बसला. एकेक फणी काढून गोणपाटावर मांडत गेला. फाटके काप. दोन-तीन फळांवर सुरीची रेघ, रेघेवर चिकाचा काळा ओघळ.

"योगराज, हे तुह्या टोळीचं काम हाये?" त्यानं आवाज चढवला नाही. "आजचा सगळा माल उघडा. असा माल मी गाडीत नही चढवत."

योगराज फण्यांकडे पाहत उभा राहिला. "कोनाचं हाये ते पाहू. कॅमेरे हायेत ना. ऋतिकाताई, लावा जरा."

"नाही दादा," ऋतिका म्हणाली. "ते यासाठी नाहीये. तसं मी यांना सांगून घेतलंय."

"मजुरी देता ना तुम्ही? मंग दाखवायले काय व्हतं?"

"मजुरी हात दाखवायची आहे. चूक कोणाची ते शोधायची नाही."

निंबा हसला. "कॅमेरा हाये आन पाहायचा नही. देव्हाऱ्यात ठेवा मंग."

"माह्याच्यानं झालं," कामिनी म्हणाली. पदर पुढे होता. "टाकीवरून मी पुढे सोडल्या. मी पाह्यलं नही."

कुंदाबाई घडापासून बाजूला झाली. सुरी तिनं कापडानं पुसली, मग गोणपाटाजवळ वाकून एक फणी उचलली. उलटी केली. बूड डोळ्यांजवळ नेलं. दुसरी उचलली. तिसरी.

"तू कव्हा सुरी धरली वं, तुह्याच्यानं व्हायले," ती म्हणाली. मग निंबाकडे वळून, "माह्या काप हाये. पेट्या फोडा. मी हाये इथी, सगळे काप पुन्हा करते."

"आई, तू राहू दे," योगराज म्हणाला.

त्यानं एवढंच म्हटलं, पण सगळ्यांसमोर म्हटलं. पेट्या फुटल्या. काप योगराजनं आणि नव्या पोरीनं सारखे केले. कुंदाबाई मांडवाच्या खांबाला टेकून बसून राहिली. तिच्या मांडीवर उजवा हात उताणा पडला होता, जसा कुणा दुसऱ्याचा.

*

घरी आल्यावर कामिनीनं कणीक भिजवायला घेतली. कुंदाबाई पाटावर बसून मिरच्यांची देठं काढत होती.

"काल-परवा असे काप गेले नही," ती म्हणाली. "आजच गेले. माह्या हात काय आजच बिघडला?"

कामिनी मळत राहिली.

"मंग आधी कोन करत व्हतं?"

"मी."

"कव्हापासून?"

"संक्रांत झाल्यापासून, आत्याबाई."

मिरचीचं देठ मोडल्याचा बारीक आवाज आला. मग पुढच्या मिरचीचा. "बेबीले माहीत?"

"हो."

"बाकीच्याइले?"

कामिनीनं कणकेला पाण्याचा हात लावला.

"म्हणजे मलेच तेवढं माहीत नव्हतं." कुंदाबाईनं ताटली बाजूला सारली. "मी आपली कॅमेऱ्याले हसत बसली. म्हटलं, पाहून पाहून काय पाहीन. घरातच एक व्हता, तो दिसलाच नही."

"तुम्हाले वाईट वाटीन म्हणून—"

"आता नही वाटलं?"

त्या रात्री सासू जेवली, पण वाढलेलं तेवढंच जेवली. मागून काही घेतलं नाही.

*

सकाळी ऋतिका टोप्या न्यायला घरी आली. योगराजनं तिला आज काम नाही म्हणून सांगितलं आणि तो निंबाची मनधरणी करायला गेला. ऋतिका निघणार तेवढ्यात कुंदाबाई बाहेर आली.

"पोरी, माह्या हात हाये का तुह्या त्याच्यात?"

ऋतिका गोंधळली. "असेल मावशी. कामिनीताईच्या टोपीत. पण ती हो म्हणाली तरच मी दाखवू शकते."

दोघी कामिनीकडे पाहू लागल्या. कामिनीच्या हातात खराटा होता. तो तिनं भिंतीला टेकवला.

"दाखवा," ती म्हणाली.

ओट्यावर तिघी बसल्या. परवाची सकाळ सुरू झाली. चित्र तिच्या हातांकडे वळायचं, परत यायचं, पुन्हा वळायचं. कामिनीचा हात येऊन फणी उचलून न्यायचा. कामिनी जमिनीकडे पाहत होती. आता सासू काही म्हणेल, आता म्हणेल.

"थांबव," कुंदाबाई म्हणाली. "मांघं घे. हं. हळू चालते का हे?"

ऋतिकानं गती कमी केली. सुरी सावकाश फिरली. कुंदाबाई टॅबवर इतकी वाकली की तिच्या श्वासानं काच धूसर झाली. तिनं पदरानं पुसली.

"आंगठा पाह्य. उचलला जातो. मले वाटे, टेकलेला हाये." तिनं स्वतःचा उजवा हात टॅबशेजारी धरला, सुरी धरल्यासारखा, आणि अंगठा बोटावर दाबला. डाव्या हातानं चाचपून पाहिलं. "आता टेकला का, नही टेकला, मले पाहिल्याशिवाय कयत नही."

"डॉक्टरला दाखवा मावशी," ऋतिका म्हणाली. "मनगटातली शीर दाबली गेली असेल. सारखं तेच काम करून होतं असं. धुळ्याला आमच्या घराजवळ—"

"दाखवू." कुंदाबाई हाताकडेच पाहत होती. मग शांतपणे, कामिनीकडे न वळता म्हणाली, "यानं एका दिवसात दाखवलं. तू पाच महिने पाहत व्हती, आन नही दाखवलं."

ऋतिकानं टॅब पिशवीत घातला. बांधावरून बकऱ्या चालल्या होत्या.

"कामिनी," जरा वेळानं सासू म्हणाली, "परातीत दोडके काढ. आन माही सुरी बी घे."

दोडक्यांवर धडे झाले. मग परसातल्या एका मोडक्या केळीचा बारका घड उतरवून त्याच्यावर. कुंदाबाई पाठीमागे उभी राहून सांगायची. मनगट सैल सोड. टोक नको खुपसू, पोटानं काप. कोपर अंगाले लाव. स्वतः मात्र सुरीला तिनं हात लावला नाही.

*

निंबा आठवड्यानं वळला. अभिमन नानाचीच उरलेली बाग होती. योगराज घड टांगत होता. सुरी कोणाच्या हाती द्यायची हा प्रश्न त्याच्या तोंडावर दिसत होता आणि तो कुणाला विचारत नव्हता. कुंदाबाई सरळ टाकीकडे गेली. निऱ्या वर खोचल्या. पाण्यात हात घालून ते कितपत गार आहे ते पाहिलं.

"तिच्या हाती दे," ती म्हणाली.

ऋतिकानं टोप्या मांडल्या होत्या. बेबाबाईनं आपली घातली आणि "नमस्कार, आज हवा ढगाळ आहे," असं बोलून घेतलं. कामिनीची टोपी पडून होती. सुरीवाल्या बाईला ती चालत नव्हती. कुंदाबाईनं ती उचलली, पदरावरून बसवली आणि ऋतिकाला विचारलं, "नीट हाये?"

"थोडी खाली घ्या मावशी. हं. आता जिकडे बघाल तिकडचं येईल."

"इकडेच पाह्यते मी," कुंदाबाई कामिनीच्या हातांकडे बघत म्हणाली.

पहिली फणी बरी उतरली. दुसरीही. कामिनीच्या पाठीतून घाम ओघळत होता. सासू टाकीपलीकडे उभी होती. तिची नजर हातावरून हलत नव्हती आणि ती नजर कुठंही लपवलेली नव्हती. पाचवी-सहावी फणी उतरवताना सुरीचं टोक घसरलं. कामिनीला ते हातातच कळलं. फणी तशीच पाण्यात गेली.

कुंदाबाईनं डाव्या हातानं ती बाहेर काढली. उलटी करून बूड पाहिलं. पाठीमागं क्रेट होता, पण ती तिकडे वळली नाही. निंबा पेट्यांवर बसला होता, योगराज घड घेऊन उभा होता, बायका रांगेनं टाकीवर होत्या. त्या सगळ्यांच्या देखत तिनं ती टपटपणारी फणी उंच धरली.

"कामिनी, ही फाटली वं. घे परत."

टाकीवरच्या बायका हसल्या. बेबाबाई सगळ्यांत मोठ्यानं आणि अहिराणीत. कामिनीचे कान तापले. तिनं हात पुढे केला, फणी घेतली आणि पुन्हा कापली.